मोटरचे बटण कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आज मी दोन बोटांएवढ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. शेवटी भावावर यावेच लागेल. पण सुरुवात मोटरपासून करू.

रात्रपाळीची लाईट म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मध्यरात्री थ्री फेज येणार, माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार. अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्या आहे, बांधावर साप आहे. एक बटण दाबण्यासाठी माणूस जिवावर उदार होतो.

यावर आपण तोड काढली. स्टार्टरला ऑटोस्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. माणूस घरी राहिला, पण डीपी गेली! असे का झाले? मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या वीस मोटारी एकाच क्षणी उठल्या तर फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मग पीक वाळत असताना वर्गणी आणि हेलपाटे दोन्ही आपल्याच वाट्याला.

महावितरण सांगते, ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कपॅसिटरचे म्हणणे खरे आहे, तो बसवलाच पाहिजे. पण दिवसा वीज न देता ऑटोस्विच काढा म्हणणे म्हणजे रात्री पुन्हा बिबट्यासमोर जा म्हणणे. दोष आपोआप चालू होण्यात नाही, सगळ्यांनी एकदम चालू होण्यात आहे. पहिली मोटर अर्ध्या मिनिटाने उठावी, दुसरी एका मिनिटाने, विसावी दहा मिनिटांनी. डीपीलाही झेपेल आणि माणूसही वाचेल.

हा क्रम कोण पाळणार? इथे ती दोन बोटांएवढी वस्तू येते. तिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणतात. २००५ साली इटलीतील इव्रिया गावी काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा बोर्ड तयार केला आणि त्याचा नकाशा सर्वांना खुला ठेवला. कोणीही तो बनवू शकतो, म्हणून त्याची छोटी आवृत्ती आज दोन-चारशे रुपयांत मिळते. त्यातली साठवण फक्त ३२ किलोबाइट. मोबाईलमधला एक धड फोटोही मावणार नाही. पण मोटरचा हिशेब आरामात मावतो.

काम कसे चालते? लाईट आली की मोबाईलच्या चार्जरसारख्या पुरवठ्यावर बोर्ड जागा होतो. आपला क्रमांक गुणिले तीस सेकंद एवढे थांबतो आणि रिलेला हुकूम देतो. रिले स्टार्टरला, स्टार्टर मोटरला. पोरांना हा हुकूम लिहायला दहा-पंधरा ओळी लागतात.

दोन गोष्टी मात्र गाठीला बांधा. बोर्ड पाच व्होल्टचा, मोटर ४१५ व्होल्टची. स्टार्टरमधली जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. आणि ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर काढायचे नाहीत. एक फेज नसताना मोटर उठली तर वाइंडिंग जळेल. ओलावा मोजणारे काटेही या बोर्डाला जोडता येतात. पण उघड्या धातूचे स्वस्त काटे मातीत लवकर गंजतात, मग बोर्ड खोटे बोलू लागतो.

हे आपल्याला जमेल का, असे कोणी विचारील. आपल्या शिवेला लागून शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली एक २००२ साली याच पाबळात निघाली. मग राहुरी, पारनेर, श्रीगोंद्याच्या पोरांना का जमू नये?

शरद जोशींनी दोन स्वातंत्र्ये मागितली, बाजारपेठेचे आणि तंत्रज्ञानाचे. तंत्रज्ञानासाठी २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला बंदी असलेले कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरावे लागले. या बोर्डावर तर कसलीच बंदी नाही. इथे सरकार आडवे नाही, आपली सवय आडवी आहे. बंद डबा विकत घ्यायचा, बिघडला की विकणाऱ्याच्या दारात बसायचे. ज्याची दुरुस्ती आपल्याला येत नाही, त्याचे बटण आपल्या हातात नाही.

आणि बोर्डाने सगळे सुटेल असेही मी म्हणत नाही. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती. चाळीत कितीही बोर्ड लावले असते तरी भाव चढला नसता. तिथे लढाईच करावी लागते. दिवसा विजेची मागणीही सोडायची नाही. पण लढायला माणूस जिवंत हवा, डीपी शाबूत हवी.

म्हणून प्रत्येक तालुक्याने एक डीपी निवडा. तिच्यावरच्या मोटारी लिहून काढा, क्रमांक पाडा. आयटीआय शिकलेली दोन पोरे आणि एक वायरमन सोबत घ्या. एकही मोटर बाहेर राहिली तर क्रम मोडेल, म्हणून आधी भाऊबंदकी बाजूला ठेवा. बोर्ड दोन-चारशे रुपयांत मिळतो, एकी मात्र बाजारात मिळत नाही. पुढच्या बैठकीला येताना किती डीपी जळायच्या थांबल्या, त्याचा हिशेब घेऊन या.