जोखीम घ्यावी, पण जोखून

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धंद्यातील व संसारातील जोखीम या विषयावर बोलावे, असे चालकांनी मला सुचविले. व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून ही निवड झाली असावी. त्या वह्यांतून जे दिसले, तेच साध्या भाषेत तुमच्यापुढे ठेवतो.

या सभागृहात दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. एक पालकांची. मुलाला कुठेतरी चिकटवून द्यावे, डोक्याला ताप नको, ही त्यांची इच्छा. दुसरी तरुणांची. दोन वर्षांत गाडी-बंगला व्हावा, ही त्यांची घाई. पालकांना वाटते, जोखीम म्हणजे संकट. तरुणांना वाटते, जोखीम म्हणजे मर्दानगी. माझ्या मते दोघांचेही चुकते. आपल्या भाषेत 'जोखीम' या शब्दाच्या शेजारीच 'जोखणे' हा शब्द आहे. जोखणे म्हणजे वजन करणे, अजमावणे. जी गोष्ट जोखून घेतली ती जोखीम, न जोखता घेतली तो जुगार, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी आजचे काम निम्मे झाले.

प्रथम पालकांशी बोलतो. जोखीम टाळून जगता येते, हा भ्रम आहे. एक लाख रुपये ट्रंकेत कुलूप लावून ठेवले आणि महागाई दर वर्षी 6 टक्क्यांनी वाढत राहिली, तर बारा वर्षांनी त्या पैशात आज मिळते त्याच्या निम्मेच सामान येईल. चोर आला नाही, कुलूप तुटले नाही, तरी निम्मा माल गेला. तेच मुलींच्या शिक्षणाचे. कॉलेज लांब आहे, जमाना बरा नाही, म्हणून मुलीला दहावीनंतर घरी बसविणाऱ्या बापाला वाटते की आपण धोका टाळला. उद्या जावयाची नोकरी गेली किंवा त्याच्या जिवाला काही झाले, तर पदरात दोन मुले असलेली ही मुलगी काय करील? त्या बापाने जोखीम टाळलेली नसते. ती मुलीच्या खांद्यावर टाकलेली असते.

आपण किनाऱ्याची माणसे. आपल्या वाडवडिलांना हे कोणी शिकवावे लागले नाही. समुद्र धोक्याचा आहे म्हणून नाखव्याने गलबत कायमचे ओढून ठेवले नाही आणि आपण शूर आहोत म्हणून आषाढात ते पाण्यात लोटलेही नाही. पावसाळ्यात तो गलबत शाकारून ठेवी, सांधे बुजवी, शीड शिवून घेई आणि दर्या शांत झाला की निघे. अल्लावर भरवसा होताच, पण तो दोर बांधल्यानंतरचा भरवसा होता. तवक्कुलच्या नावाखाली गाफीलपणा करणे ही अलीकडची सवय आहे.

सवयीवरून आणखी एक गोष्ट सांगतो. 17 जुलै 1947 रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ती वाट काही अनोळखी नव्हती, नेहमीची होती. वाट नेहमीची झाली म्हणजे तिच्यावरचा धोका कमी होत नाही, फक्त आपल्याला तो दिसेनासा होतो. वर्षानुवर्षे उधारीवर चालणारे दुकान, एकाच गिऱ्हाइकावर चालणारा कारखाना, एकाच माणसाच्या पगारावर चालणारे घर, या सगळ्या नेहमीच्या वाटा आहेत.

मग जोखायचे कसे? मी चार प्रश्न देतो. धंदा असो, नोकरी असो, घर बांधणे असो, पाऊल टाकण्यापूर्वी हे चार प्रश्न कागदावर लिहा आणि त्यांची उत्तरे घरच्या माणसांसमोर वाचा.

पहिला प्रश्न : सगळे वाईट झाले, तर जास्तीत जास्त किती जाईल, आणि ते गेल्यावर मला पुन्हा उठता येईल का?

नफा किती होईल हे सगळेच मोजतात. हा प्रश्न फार थोडे विचारतात. गणित पाहा. भांडवलाचा दहावा हिस्सा बुडाला, तर उरलेल्यावर सुमारे 11 टक्के नफा झाला की भरपाई होते. निम्मे बुडाले, तर भरपाईला 100 टक्के नफा लागतो. शंभरातले नव्वद बुडाले, तर उरलेल्या दहाचे शंभर करण्यासाठी 900 टक्के नफा हवा. लहान पडझड धंद्याची शिक्षिका असते, मोठी पडझड धंदाच गिळते. म्हणून राहते घर, मुलांची फी आणि बायकोचे दागिने धंद्याच्या तागडीत घालू नयेत.

इथे कायदाही समजून घ्या. एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकान वेगळे आणि मालक वेगळा असे कायदा मानत नाही. दुकानाचे देणे घरापर्यंत येते. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे चालणाऱ्या पेढीत एका भागीदाराने पेढीसाठी केलेले कर्ज सगळ्यांवर बसते, आणि सावकार ते कोणत्याही एका भागीदाराकडून पुरते वसूल करू शकतो. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली आणि 2013 च्या कंपनी कायद्याने एका माणसालाही कंपनी काढता येऊ लागली. असा धंदा काढला तर साधारणपणे त्यात घातलेल्या भांडवलापुरतीच जबाबदारी राहते. मात्र बँक पुष्कळदा मालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या सहीबरोबर ही ढाल खाली ठेवली जाते.

सहीचा विषय निघालाच आहे, तर जामिनाबद्दल बोलतो. कारण आपल्या समाजात सर्वात जास्त घरे मी याच एका सहीने हललेली पाहिली आहेत. मामेभाऊ येतो, "नुसती सही करा, हप्ते मी भरतो" म्हणतो. नाही म्हणणे जड जाते. पण 1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच आहे. बँकेने आधी मामेभावाच्या दारात जावे आणि मग तुमच्याकडे यावे, असे बंधन तिच्यावर नाही. म्हणून जामीन राहायचे तर ते कर्ज आपणच काढले आहे असे समजून राहा. तेवढे फेडण्याची ऐपत नसेल तर जेवढे देऊ शकता तेवढे रोख हातावर ठेवा आणि सही नाकारा. नाते त्याने आज थोडे दुखावेल. बुडीत जामिनाने ते कायमचे तुटते.

दुसरा प्रश्न : सगळा भार एकाच खांबावर तर नाही?

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. ज्यांच्या घरी बागेबरोबर दुसरे काही उत्पन्न होते, ते सावरले. ज्यांचे सर्वस्व बागेतच होते, त्यांची पाच-सात वर्षे गेली. परदेशातल्या नोकरीचेही तसेच. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसविले. पुढे विमानांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या करून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय मायदेशी आणले गेले. त्यांतले कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. पगार, शिल्लक, दुकान, सगळे तिकडेच राहिले. आखातातली कमाई वाईट नाही, तिने आपली गावे उभी केली. पण त्या कमाईचा एक भाग गावात दुसरे उत्पन्न उभे करण्यात घातला पाहिजे. सगळा पैसा मोठ्या घराच्या फरशीत घातला, तर फरशी महिन्याचा खर्च देत नाही.

ठेवींबाबतही खबरदारी हवी. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. आणि पतसंस्थांना हे संरक्षण लागूच नाही, हे पुष्कळांना पतसंस्थेचे दार बंद झाल्यावर कळते.

तिसरा प्रश्न : हा भार कोणाबरोबर वाटून घेता येईल?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याआधी 2005 च्या जुलैमध्येही शिरले होते, म्हणजे धोका माहीत नव्हता असे नाही. अशा ठिकाणी पहिला उपाय फुकटचा आहे. पावसाळ्यात किमती माल वरच्या मजल्यावर, वह्या आणि कागदपत्रांच्या प्रती दुसऱ्या गावी. दुसरा उपाय विमा. तोही नीट वाचून घ्यावा, पुराचा त्यात समावेश आहे की नाही पाहावे. शिवाय मालाची रक्कम खरी लिहावी. हप्ता वाचविण्यासाठी 20 लाखांच्या मालाचा विमा 10 लाखांचाच उतरविला आणि 4 लाखांचे नुकसान झाले, तर साधारण नियमाने 2 लाखच हाती येतात. कारण निम्मी जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली होती. विम्याबद्दल काहींच्या मनात धार्मिक शंका आहेत. त्या त्यांनी जाणत्या माणसांना विचारून फेडून घ्याव्यात. पण शंका आहे म्हणून काहीच तरतूद करायची नाही, हे कोणत्याही जाणत्याने सांगितलेले मी ऐकलेले नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, नफा आणि तोटा दोन्हींत खरा वाटा घेणारा भागीदार शोधावा. वाट्याच्या अटी मात्र लिहून काढाव्यात. सख्ख्या भावांतही लिहून काढाव्यात.

चौथा प्रश्न : कुठे थांबायचे?

हे सुरुवात करण्यापूर्वीच ठरवावे लागते. तोटा सुरू झाल्यावर माणसाचे डोके त्याच्या ताब्यात राहत नाही. "आणखी थोडे घातले की मागचे निघेल", या एका वाक्याने बुडत्याचा पाय खोलात जातो. इतकी रक्कम गेली किंवा इतके महिने झाले की दुकान आवरायचे, असा आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवावा आणि तो कागद बायकोकडे किंवा वडिलांकडे द्यावा. ठरवून बंद केलेल्या दुकानाची लाज बाळगू नये. त्या माणसाकडे भांडवल आणि अनुभव, दोन्ही उरलेले असतात.

आता तरुण मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. हल्ली मोबाइलवर शेअर बाजाराचे 'फ्यूचर्स आणि ऑप्शन्स' खेळले जातात. 'खेळले' हाच शब्द मी जाणून वापरतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. चार प्रश्न यालाही लावून पाहा. पहिल्याच प्रश्नाला उत्तर अडते. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणाऱ्या योजनांनाही तेच लावा. तो पैसा कोणत्या धंद्यातून येतो, हे सांगणाऱ्याला सांगता आले नाही, तर समजा की तो तुमच्या मागून येणाऱ्याच्या खिशातून येतो. असे सांगणारा ओळखीचा असला, पाच वक्त नमाजी असला, तरी हिशेब विचारण्यात बेअदबी नाही.

पण याचा अर्थ घरी बसा असा नाही. तुमच्या वयात एक जोखीम अशी आहे की जिच्यात हरणे फार कठीण. ती शिक्षणाची. दहावी नापास मुलगा एजंटला पैसे देऊन भेटीच्या व्हिसावर कामाला जातो, त्याला आपण धाडसी म्हणतो. त्याच पैशात जो तीन वर्षे डिप्लोमा करतो, त्याला मागे राहिला म्हणतो. दोघांची वजने करा. पहिल्याच्या हातात कागद नाही, हुन्नर नाही. मालकाने काढले की सगळे संपले. दुसऱ्याने मालक गमावला तरी हुन्नर त्याच्याजवळच राहतो. परदेशी जायचेच, तर एजंटकडे सरकारी परवाना आहे का ते तपासा आणि नोकरीचा करार हाती पडल्याशिवाय पासपोर्ट व पैसे देऊ नका.

शेवटी पालकांना एकच विनंती. मुलाने किंवा मुलीने एखादा धंदा करायचा म्हटला, नवे शिक्षण घ्यायचे म्हटले, तर लगेच "नको" म्हणू नका आणि लाडाने थैलीही मोकळी करू नका. समोर बसवा, चार प्रश्न विचारा, उत्तरे लिहून मागा. लिहिता आले नाही तर आणखी महिनाभराने या म्हणून सांगा. लिहिता आले, तर आपल्याला झेपेल तेवढे भांडवल द्या आणि वर्षभर रोज हिशेब विचारू नका. लहानपणी सायकल शिकविताना आपण असेच केले होते. मागून धरले, मग हात सोडला. गुडघे थोडे फुटले, पण मूल सायकल चालवू लागले.