जवस, मासा आणि शेवाळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू वनस्पतींवर काम करतोस ना? मग सांग, माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्यायच्या की जवसाची चटणी पुरे?" प्रश्न आपल्या वयाचा आहे, म्हणून सगळ्यांसमोरच उत्तर देतो.

आपल्याकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर जवस फेकतात. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, हे खरं. पण ते एएलए, १८ कार्बनच्या साखळीचं. मेंदूत आणि डोळ्यांत असतं ते डीएचए, २२ कार्बनचं. एएलएपासून शरीर ते बनवतं, पण फारच थोडं.

माझे वडील माळकरी. "जवस खा, तेवढं पुरतं," असं मी त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. आज ते नाहीत, म्हणून ही कबुली तुमच्यापुढे देतो.

गंमत अशी की मासाही हे तेल बहुतांशी खाण्यातूनच मिळवतो. ते बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. शिवाय पाळीव सामन माशांच्या खाद्यासाठी समुद्रातले लहान मासे पकडून त्यांचं तेल काढावं लागतं. मग हे काम झाडाकडूनच करून घेतलं तर?

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत जोनाथन नेपियर यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या कॅमेलिनात शेवाळं आणि इतर जिवांची ७ जनुकं घातली. तिच्या बियांत डीएचए तयार झालं. २०१४ साली ती शेतात पेरून पाहिली. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओच्या संशोधनातून असाच कॅनोला तयार झाला; त्याच्या लागवडीला २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

तर उत्तर असं : जवस सोडू नका. शाकाहारी असाल आणि डीएचए हवंच असेल, तर थेट शेवाळाच्या तेलाच्या गोळ्याही मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्या. जनुक बदललेल्या बियांबद्दल शंका येत असेल तर जरूर येऊ द्या. कोणतं जनुक, कशासाठी, बियाणं कोणाच्या मालकीचं, हे विचारा.

जीवशास्त्राच्या बाई बरोबर उत्तरावरही "कशावरून?" म्हणायच्या. वडिलांशी बोलताना तो प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तुम्ही मात्र मलासुद्धा विचारा.