खनिजाला हमीभाव, कापसाला आयात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत खनिजांचा विषय कुठून आला, असे काहींना वाटले असेल. देशाचे ज्यांच्यावाचून अडते अशा ३० खनिजांची यादी केंद्र सरकारने २०२३ साली काढली. बॅटरीचे लिथियम त्यात आहे, तसेच आपल्या खताच्या पोत्यातले पालाश आणि स्फुरदही आहे. पालाश तर आपण जवळजवळ सगळेच बाहेरून आणतो. तेव्हा विषय आपला आहेच.

आधी अमेरिकेचे ऐका. कॅलिफोर्नियात माउंटन पास नावाची खाण आहे. तिथे निओडिमियम आणि त्याच्या जातीचे धातू निघतात. त्यांचे लोहचुंबक विजेच्या गाडीच्या मोटारीत बसते, क्षेपणास्त्रातही बसते. एके काळी जगाचा बराचसा माल याच खाणीतून जाई. मग चीनचा स्वस्त माल आला आणि २००२ साली खाण बंद पडली. २०१० साली चीनने जपानचा पुरवठा अडवला, भाव भडकले, खाणीत पुन्हा पैसा ओतला गेला. पुढे भाव कोसळले आणि २०१५ साली कंपनीने दिवाळे काढले. तेजी बघून पेरायचे आणि मंदीत विकायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आता ही खाण चालवणाऱ्या कंपनीशी करार केला. किलोला किमान ११० डॉलर, १० वर्षे. बाजारात तेव्हा भाव याच्या निम्म्याच्या आसपास होता. फरक सरकार भरणार. याला आपल्या भाषेत हमीभाव म्हणतात, आणि तोही नुसता जाहीर केलेला नाही, पदरात पडणारा! याच अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कागद दाखल केला होता की भारत कापसाला हमीभावातून मर्यादेबाहेर आधार देतो. आपल्या घरात तो आधार किती पोचला, ते आपण जाणतोच.

खाणवाल्याला भाव मिळाला म्हणून आमचे पोट दुखत नाही. हिशेब बरोबरच आहे. परवडणारा भाव नसेल तर माल जमिनीतून वर येत नाही, मग ती खाण असो की काळे रान. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये काश्मीरकडे रियासीला ५९ लाख टन लिथियमखनिजाचा अंदाज जाहीर झाला, केवढा गाजावाजा झाला. लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. मातीतून ते काढायला किती खर्च येईल याची कुणाला खात्री नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, १६,३०० कोटींची.

आमचा सवाल एवढाच, की टंचाईचा हा न्याय शेतमालाला का नाही? धान्याची टंचाई होती तेव्हा आपल्या ज्वारीवर लेव्ही बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये गिरण्यांना कापूस महाग पडतो म्हणून ११ टक्के आयातशुल्क काढले, आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून बाजारात येतो तेवढे दिवस.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने या यादीतल्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. परवानगीआधी गावाला विचारायची जी एक जागा होती, ती गेली. खनिज देशाचे असेल, पण वरची जमीन सातबारावर कुणाच्या नावाची आहे? मोबदल्याचा भाव ठरवताना त्याला विचारायला नको?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एक, यंदाच्या कापसाचा आणि ज्वारीचा क्विंटलमागे उत्पादनखर्च, घरच्या माणसांची मजुरी धरून. दुसरा, जनसुनावणी पूर्ववत करा असा ग्रामसभेचा ठराव. दोन्ही एकत्र बांधून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यायचे आहेत.