गांजाचा वैद्यकीय परवाना आणि प्रशासकीय सुनावणी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०१४ मध्ये कायदा करून, नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या गांजाच्या वैद्यकीय वापरास मर्यादित परवानगी दिली आणि त्याच्या लागवडीचे व विक्रीचे परवाने पाच विभागांत प्रत्येकी एक याप्रमाणे देण्याचे ठरवले. अर्जदार रोपवाटिका किमान ३० वर्षे अखंड चालू असावी, अशी अट होती. आरोग्य खात्याने आरंभी सोडतीने निवड करण्याचा नियम केला. परंतु त्याला आव्हान मिळून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी तो अवैध ठरवला आणि पुढे अर्जांना गुण देण्याची पद्धत आली.

ज्याचा अर्ज नाकारला जातो, तो सूचना मिळाल्यापासून २१ दिवसांत सुनावणी मागू शकतो. वस्तुस्थितीविषयी वाद असल्यास प्रकरण प्रशासकीय सुनावणी विभागाकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या खात्याहून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेकडे जाते. तेथे शपथेवर साक्षी व उलटतपासणी होते, कागदोपत्री पुरावे सादर केले जातात, आणि जुन्या निर्णयाची केवळ फेरतपासणी न करता अर्जाचा नव्याने विचार करून न्यायाधीश शिफारसवजा आदेश देतात. अंतिम आदेश खातेच काढते. मात्र सक्षम व भरीव पुराव्यावर आधारलेले वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष त्याला फेटाळता येत नाहीत, आणि त्या आदेशाविरुद्ध अपील न्यायालयात दाद मागण्याची सोय असते.