आधी प्लग काढा, मग पाना धरा



जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत कुडाच्या भिंतींच्या जागी विटांची घरकुलं उभी राहू लागली, तशी लोखंडी दारांना, खिडक्यांच्या जाळ्यांना, पडवीच्या अँगलना आणि टाकीच्या स्टँडना मागणी आली. पूर्वी एवढ्यासाठी जव्हारची बाजारपेठ गाठावी लागायची. आता खोडाळ्याकडच्या रस्त्यालाच नव्हे, तर एखाद्या पाड्यावरही घराच्या ओसरीत ठिणग्या उडताना दिसतात. कुणी आयटीआय केलेलं असतं, तर कुणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात हात बसवून परतलेलं असतं. खांद्याला अडकवता येईल असं इन्व्हर्टर मशीन, दोन केबल, एक ग्राइंडर आणि काच, एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहतो.

मशीन बंद पडलं की मात्र पंचाईत होते. दुरुस्तीसाठी नाशिक किंवा ठाणं गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं. मग माणूस स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. आज मला त्याच्याशीच बोलायचं आहे. बहुतेक वेळा दोष मशीनच्या पेटीत नसतो, बाहेर असतो. तो शोधायला पेटीचं झाकण उघडावं लागत नाही. फक्त क्रमानं जावं लागतं.

स्विच टाकल्यावर दिवाही लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर मशीनपर्यंत वीजच पोचत नाहीये. घरातले बाकीचे दिवे लागतात का ते बघा. मग प्लग काढा आणि त्याच्या पिना नीट न्याहाळा. पीन काळी पडली असेल, प्लगचं प्लॅस्टिक वितळलं असेल, तर दोष तिथेच सापडला. घरचा मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. रॉडला १०० अँपिअर लावले, तर छोटं मशीन घराच्या लाईनवरून पंधरा ते वीस अँपिअर ओढतं. म्हणजे साध्या कामालाही हा प्लग आधीच काठावर असतो. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर मशीन लावणं तर आगीला आमंत्रण.

आता दुसरं लक्षण. दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पण रॉड घासला तरी आर्क धरत नाही. इथे मशीनला दोष देऊ नका. मशीन बंद करा, प्लग काढा आणि दोन्ही केबलवरून हात फिरवा. जिथे केबल बाकीपेक्षा जास्त गरम लागेल तिथला सांधा ढिला आहे. होल्डरची मूठ उघडून पाहिली, तर पुष्कळदा तांब्याच्या बारीक तारा तुटून मोजक्याच उरलेल्या दिसतात. तेवढा भाग कापा, नवा लग बसवा, स्क्रू कसून आवळा. दुसरी केबल ज्या क्लॅम्पनं जॉबला लावता, त्याचे जबडे बघा. रंगावर किंवा गंजावर लावलेला क्लॅम्प करंट सोडत नाही. जॉबवर बोटभर जागा ग्राइंडरनं पांढरी करून तिथे क्लॅम्प लावला की कितीतरी ‘बिघडलेली’ मशीनं जागच्या जागी सुधारतात.

पिवळा दिवा लागून मशीन थांबलं, तर ते बहुधा तापलेलं असतं. मशीनवर ‘६० टक्के, २०० अँपिअर’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ असा की २०० अँपिअरवर दहा मिनिटांतली सहा मिनिटंच काम करायचं आणि चार मिनिटं विश्रांती द्यायची. अशा वेळी स्विच बंद करू नका. पंखा फिरू द्या, थंड झालं की मशीन आपोआप चालू होतं.

रॉड सारखा चिकटतो, ही पाड्यांवरची नेहमीची तक्रार. रोहित्रापासून लांबच्या घरात संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, त्यात आपण लांब एक्स्टेंशन लावतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचं तीस मीटर एक्स्टेंशन अठरा अँपिअरला बारा-तेरा व्होल्ट एकटं खातं. वायर गुंडाळलेलीच ठेवली, तर ती आतल्या आत तापून वितळते. म्हणून एक्स्टेंशन आखूड आणि जाड घ्या, आणि पूर्ण उलगडूनच वापरा. पावसाळ्यात रॉडही ओल धरतात. ते तडतडतात, शिंतोडे उडवतात. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि एक लक्षण असं, की ते दिसलं तर पेटी न उघडता हात मागे घ्यायचा. मशीनचा स्विच टाकल्याबरोबर, रॉड लावायच्या आधीच, एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. म्हणजे बहुधा आत काहीतरी शॉर्ट झालेलं आहे. मोठा एमसीबी बसवणं किंवा फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार भरणं ही दुरुस्ती नव्हे. त्यानं फक्त घराची वायर जळते.

पेटी उघडायला मी एवढा विरोध का करतो? इन्व्हर्टर मशीनमध्ये मोठे कपॅसिटर असतात. घरची २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर त्यांच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसंच राहतं. जो हे काम शिकलेला आहे, तोसुद्धा प्लग काढून काही मिनिटं थांबतो, मग डीसीवर लावलेल्या मल्टिमीटरनं व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करतो. मल्टिमीटर तरी बरोबर आहे ना, हे तो आधी चालू पॉइंटवर बघतो आणि मोजून झाल्यावर पुन्हा बघतो. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर जिवाचा भरवसा ठेवत नाही. ज्याला हे येत नाही त्यानं झाकणाच्या स्क्रूला हात लावू नये.

आता पावसाळ्याबद्दल. ‘रॉडला शॉक नसतो’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. आर्क नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला, बूट घातलेल्या पायाला ते जाणवत नाहीत. पण घामानं आणि पावसानं भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग ७० व्होल्टला ७० मिलिअँपिअर करंट शरीरातून जातो, आणि एवढा करंट हृदयाचे ठोके बिघडवायला पुरतो. ओल्या जमिनीवर अनवाणी, लोखंडी जाळीवर बसून, ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलणं म्हणजे जिवाशी खेळ. खाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट घाला. पाऊस अंगावर येत असेल तर काम थांबवा.

मशीनच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या, तर तो दोष अर्थिंगचा. जॉबला लावतो तो क्लॅम्प वेगळा आणि थ्री-पिन प्लगच्या जाड पिनेतून जमिनीत जाणारं अर्थिंग वेगळं. एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही. आपल्या भागात मातीचा थर पातळ आणि खाली काळा बेसाल्ट, त्यामुळे अर्थिंगचा पाइप खोल जात नाही, आणि उन्हाळ्यात जी काही ओल असते तीही आटते. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. फेज पत्र्याला लागली, तर जमिनीत साडेअकरा अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याला पडणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून अर्थिंगचा खड्डा न्हाणीचं पाणी मुरतं अशा ओलसर जागी घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळताच पडणारा स्विच, बसवून घ्या. कमकुवत अर्थिंगवरही तो क्षणात लाईन तोडतो. मात्र तो वाचवतो घराच्या लाईनच्या शॉकपासून. होल्डरची बाजू मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे वेगळी असते, तिथला शॉक त्याला कळतच नाही. तिथे कोरडे हातमोजे आणि कोरडे पायच कामाला येतात.

दोन गोष्टी कधीही करू नका. अर्थिंग नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडू नका. न्यूट्रल कुठे तुटला, तर मशीनच्या सगळ्या अंगावर फेज येते. आणि आकडा टाकून मशीन चालवू नका. तिथे एमसीबी नसतो, आरसीसीबी नसतो, तुमच्यात आणि लाईनमध्ये काहीच नसतं. घरातली वायरिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मीटरच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला बिघाड असेल, तर महावितरणला १९१२ वर कळवा.

एवढं करूनही कुणाला शॉक लागलाच, तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्यानं वायर दूर सारा, आणि लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी त्याला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन तपासून घ्या. शॉकनंतर हृदयाची लय काही वेळानंही बिघडू शकते.

वेल्डिंगवर ज्यांचं घर चालतं, त्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती आहे. मृगाच्या आधी एक दिवस काम बंद ठेवा. त्या दिवशी केबल, होल्डर, प्लग आणि अर्थिंग तपासा, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही ते बघा. गिऱ्हाईक एक दिवस थांबेल.