लक्षद्वीपला जायचं तर

उज्जैनमधल्या माधवनगर-फ्रीगंजच्या मराठी घरांत सुट्टीचा बेत ठरू लागला, की गोवा नाहीतर कोकण ही नावं आधी निघतात. यंदा त्याहून पुढे, लक्षद्वीपला जा, असा माझा आग्रह आहे. इंदूरहून उज्जैनमार्गे जाणारी अहिल्यानगरी एक्स्प्रेस एर्नाकुलमला पोचवते आणि शेजारच्या कोची बंदरातून बेटांची जहाजं सुटतात.

बेटं ३६, वस्ती फक्त १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. बऱ्याच बेटांपाशी जहाज प्रवाळाच्या कडेबाहेरच थांबतं. त्याच्या कुशीतलं दार उघडतं, खाली होडी हिंदकळत असते. लाटेनं ती वर आली, की खलाशी दंड धरतो आणि आपण पाऊल टाकायचं. कड ओलांडताच गडद निळं पाणी हिरवट होतं, तळाची पांढरी वाळू दिसू लागते.

दक्षिणेचं मिनिकॉय चुकवू नका. १८८५चा दीपस्तंभ तिथे आहेच, पण मला मोठी वाटते ती तिथली टुनाची मासेमारी. जाळं नाही. होडीतून जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकतात, टुना उसळून वर येतो आणि गळाच्या काठीनं एकेक मासा ओढला जातो. गळाला उलटा काटा नसल्यानं मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. नको तो जीव त्यात सहसा मरत नाही.

या बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर पातळ थरानं तरंगतं. विहिरींचा उपसा वाढला, की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून २००५ साली कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा, रोज लाखभर लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला गेला. शिप्रेत नर्मदेचं पाणी आणावं लागलेलं आपण पाहिलंय. त्या लाख लिटरांचं मोल उज्जैनकरांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा तिथे आंघोळीचं पाणी बेतानं वापरा. समुद्र तापल्यानं १९९८, २०१० आणि २०१६ साली तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलेल्यावर पाय देऊ नका. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलून आणू नका. पावसाळा टाळा. प्रवेशपरवाना लागतो आणि जहाजांत जागा मोजक्या असतात, म्हणून अर्ज दोन-तीन महिने आधीच करा.