झाडू थांबला आणि रामायण लांबलं

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आवडती मालिका संपली की माणसं पिसाळतात. आमच्या पाळीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शेवटचा भाग बघतात आणि मग दिवसभर क्रेनखाली भांडत बसतात. हा मेलाच कसा, तिला सोडलीच कशाला. २०१९ च्या मे महिन्यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ नावाची अमेरिकन मालिका संपली. शेवट पटेना म्हणून अख्खा आठवा सीझन नव्यानं बनवा असा अर्ज निघाला, त्यावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. चॅनेल ढिम्म हललं नाही. सह्याच त्या. सहीचा कुणाच्या नाकाला वास येत नाही.

आता आपल्याकडचं ऐका. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. दर रविवारी सकाळी साडेनऊला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण म्हातारी माणसं अजून सांगतात, रस्ते ओस पडायचे, टीव्हीच्या डब्याला हार घालून लोक पुढं हात जोडून बसायचे. बावन्न भागांत आटपायचं ठरलेलं, ते वाढत वाढत अठ्ठ्याहत्तरवर गेलं. ३१ जुलै १९८८ ला शेवटचा भाग लागला. राम अयोध्येला आला, गादीवर बसला, खेळ खलास.

पण जालंधरच्या सफाई कामगारांनी खेळ खलास होऊ दिला नाही. मालिका इथंच तोडणार हे कळल्यावर त्यांनी झाडू खाली ठेवले. पगारवाढ मागितली नाही, बोनस मागितला नाही. पुढची गोष्ट दाखवा, उत्तरकांड दाखवा, एवढंच. संप उत्तरेतल्या शहराशहरांत पसरला. भर पावसाळ्यात कचरा साचला, रोगराईची भीती उभी राहिली आणि दिल्ली वाकली. पुढचे भाग काढायचं ठरलं. लव-कुशाचं ‘उत्तर रामायण’ म्हणून आपण जे बघतो ते हे.

का केलं असंल त्यांनी असं? तिकडं रस्ते झाडणारा, मैला उपसणारा समाज स्वतःला वाल्मीकी म्हणवतो. वाल्मीकी त्याचा गुरू. आणि सागरांनी पडदा पाडला तो नेमका वाल्मीकीच्या आश्रमात सीता यायच्या आधी. राजानं पोटुशी बायको रानात सोडली, तिला छप्पर दिलं वाल्मीकीनं. तिच्या पोरांना अक्षर दिलं, बापाची गोष्ट बापाच्याच पुढं गायला शिकवली. ज्यानं गोष्ट रचली तो बाहेर आणि गोष्ट देशभर चालू! झाडूवाल्याला हे लगेच ओळखू आलं, कारण त्याचं रोजचंच ते. अंगण झाड, उंबरा ओलांडू नको.

आपल्यातले काही शहाणे ही हकिगत ऐकून हसतात. म्हणतात, बघा, झाडू टाकला तोही रामासाठी. मला या हसण्याची चीड येते. मजुरानं संप करायचा तर पगारासाठीच करायचा, हा नियम कुणी काढला? मजुराला पोटाच्या वर काही नसतं असं मालक समजतो. च्यायला, आपले काही पुढारीही तसंच समजतात. गोदीत गोणी उचलणारा कविता लिहितो म्हटल्यावर माझ्याकडं जसं बघतात ना, तसं.

आणि त्याच दिवसांत मुंबईत काय चाललं होतं ते विसरू नका. महाराष्ट्र सरकारनं १९८७ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, ‘रिडल्स’. त्यात राम आणि कृष्णावरचं परिशिष्ट होतं. ते गाळा म्हणून शिवसेनेनं रान उठवलं. ५ फेब्रुवारी १९८८ ला लाखोंनी आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. परिशिष्ट राहिलं. सरकारनं फक्त टीप चिकटवली, की या मतांशी शासन सहमत नाही. टीव्हीवर दर रविवारी राम चालू असताना मुंबईचा दलित रामाला सवाल टाकत होता आणि काही महिन्यांनी जालंधरचा दलित रामायण वाढवून मागत होता. मी मुंबईच्या बाजूचा, हे उघड सांगतो. वाल्मीकीचा आश्रम आणि शंबूकाचं मुंडकं एकाच कांडात आहेत. आश्रम मागितला की मुंडक्याचा हिशेब अंगावर येतोच. तो हिशेब जालंधरच्या भावांपुढं मांडायला आपण जायला हवं होतं. हसत बसून ते होत नाही.

मला सलतं ते दुसरंच. गोदीत आम्ही हात थांबवले की जहाज उभं राहतं. उभ्या जहाजाचा दिवसाचा खर्च मालकाच्या छातीत भरतो, म्हणून मुकादम पळत येतो, एरवी नाव घेऊन हाक मारत नाही. झाडूची ताकद याहून मोठी. आठवडाभर झाडू थांबला की शहर नाक धरून दारात येतं. १९८८ साली सरकार असंच आलं आणि त्या सगळ्या ताकदीची किंमत त्यानं मालिकेच्या भागांत फेडली. इतका स्वस्त समझोता कुठल्या मालकाला मिळाला असंल? भागही मागायचे होते आणि हातमोजेही. एका अर्जात दोन्ही मागण्या मावल्या असत्या.

डोक्यावरनं मैला वाहण्यावर बंदीचा कायदा आला १९९३ ला. दुसरा २०१३ ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या म्हणून सांगितलं. गटारात माणसं अजून मरतायत. दरम्यान सीता आणि रावण १९९१ ला लोकसभेत गेले, दोघंही एकाच पक्षातनं. राम २०२४ ला मेरठमधनं निवडून आला, पक्ष तोच.

मार्च २०२० मध्ये देश कुलूपबंद झाला. २८ तारखेपासनं दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं, मागोमाग एप्रिलमध्ये ‘उत्तर रामायण’ही. ज्या भागांसाठी झाडू थांबला होता तेच ते भाग. सगळे घरात होते, झाडूवाला तेवढा रस्त्यावर. रोज दोनदा लागायचं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सकाळी नऊला तो ड्यूटीवर असतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. कविता वाचायची राहिली, पुढच्या खेपेला वाचतो.